आपाचा आकडा

बिश्केक
१४ ऑक्टोबर

चिरंजीव मेदेर यास,

कसा आहेस? हातपाय धड आहेत ना? रीतीप्रमाणे जनावरांचीही खुशाली विचारायला हवी, पण तुझ्या त्या खाणीवर तू उंदरांखेरीज काय पाळलं असशील कुणास ठाऊक. इकडे आम्ही बरे. गावाकडे बटाटे निघाले, गवत भरून झालं. तुझी तांबडी घोडी चांगलीच माजलीय, नासिप जेंगेला रोज एकदा तरी लाथ मारायला बघते. आपली चुलतवहिनीही काही कमी नाही, तीही घोडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करूनच चारा टाकते.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. तुमचा फोन कचेरीत, भोवती माणसं कान टवकारून बसलेली, आणि तू 'हं', 'बरं', 'ठेवतो' एवढंच बोलणार. त्यापेक्षा कागद बरा. कागदावर मी बोलते आणि तुला मधे तोंड घालता येत नाही.

आता कुठेतरी बस. उभ्याने वाचू नकोस.

आपा आजारी आहे, आपली आई. उन्हाळ्यापासून पाठ दुखते म्हणत होती. मला वाटलं, वाकून वाकून दूध काढते, धरली असेल पाठ. मग जेवण तुटलं. सप्टेंबरात तिला बळंच इकडे आणली आणि आमच्याच इस्पितळात तपासलं. स्वादुपिंडात गाठ निघाली, मेदेर. तेच ते वाईट दुखणं. कापून काढता येत नाही, मोठ्या रक्तवाहिन्यांना बिलगून बसलीय. औषध चढवलं. अजून चढवतील.

आपाला यातलं काही सांगितलेलं नाही. पित्ताला सूज आहे, सलाइनने उतरेल, असं डॉक्टर तिला म्हणाले आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावली. आपल्यात कोण सांगतं असलं काही? सांगितलं की माणूस त्याच दिवसापासून मरायला लागतो.

म्हणून मी लिहिते ते नीट ऐक. तू येऊ नकोस. लांबचं पोर अवेळी दारात उभं राहिलं की म्हातारी माणसं काय समजायचं ते समजतात. आपा तर अर्ध्या शब्दात समजेल. तिने बोलावल्याशिवाय घरी पाऊल टाकायचं नाही अशी तुझी शपथ आहेच, त्या शपथेचा पहिल्यांदाच काही उपयोग होतोय म्हण.

आणि घाबरू नकोस, मी कशाला आहे इथे? असल्या गाठीतून एक प्रथिन रक्तात उतरतं, साखरेची शेपटी लागलेलं. गाठ वाढली की ते वाढतं, दबली की उतरतं. आम्ही त्याला मार्कर म्हणतो. सदतीसच्या आत असला तर जीव भांड्यात पडतो. माझ्या यंत्रावर लोकांचे आकडे शेकड्यात येतात, हजारात येतात, आणि दाराबाहेर त्यांची पोरं उभी असतात, त्यांच्याकडे बघवत नाही. आपाचा आकडा एकाच्याही खाली आला! यंत्र बिघडलं की काय म्हणून मी परत लावून पाहिला, पुन्हा तोच. त्या दिवशी मी प्रयोगशाळेत सगळ्यांना कणकेचे बोरसोक तळून आणले.

आपा गावी परत गेली. "तुमच्या शहरात चहाला चव नाही आणि माणसाला काम नाही," म्हणाली. औषध चढवायला तेवढी येईल, एरवी दर महिन्याला गावातली नर्स रक्त काढून त्याचं पाणी वेगळं करणार, थर्मॉसमध्ये बर्फ घालून साबिरच्या टॅक्सीत देणार. साबिर मला म्हणतो, "एजे, घाटात सगळे उतारू ओकतात, एक तुझी आपा तेवढी शांत बसते." मेल्याला मी चापटच मारली.

तब्येतीला जप. कान झाकून फिर.

तुझी थोरली बहीण,
जिपारा


बिश्केक
२० जानेवारी

चिरंजीव मेदेर,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. "तिने बोलावलं का?" वा रे वा! एवढ्या लांबून तिकीट लावून तीन शब्द पाठवलेस. शाई महाग झालीय का तिकडे?

नाही बोलावलं. आणि बोलावणारही नाही, तू तिचं शेंडेफळ ना, हट्ट कुठून आणलास वेगळा? दोघंही एकाच मातीचे. खरं सांगू, वडिलांच्या वेळी ती तुला जे बोलली ते बोलायला नको होतं. तू खाणीवरून धावत आलास तेव्हा वडील लोकरी तंबूत निजवलेले, आम्ही बायका आत गळा काढून बसलेलो, आणि बाहेर तू, मुलाने उभं राहायचं त्या रीतीने कंबर बांधून, वाळुंजाच्या काठीवर वाकून असा हंबरडा फोडत होतास की पलीकडच्या वस्तीवर ऐकू गेला. तुझा आवाज सगळ्यांत मोठा होता. पुरून आल्यावर, भरल्या पंगतीत ती म्हणाली, "जिवंतपणी एवढ्याने हाक मारली असतीस, तर म्हाताऱ्याने ऐकली तरी असती."

सगळ्यांचे हात ताटात थांबले. मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं की हे आता लवकर मिटायचं नाही. तू काठी दाराशी फेकलीस. ती म्हणाली, "जा. मी बोलावल्याशिवाय येऊ नकोस." धाकट्या मुलाने आईबापाची चूल राखायची असते, आणि तू चुलीला पाठ फिरवून गेलास. बरं, झालं ते झालं. पण तुला माहीत नाही म्हणून सांगते, ती काठी तिने उचलून दारामागे उभी करून ठेवलीय. नासिप जेंगेने एकदा गाय हाकायला घेतली तर अशी अंगावर आली तिच्या की विचारू नकोस.

आकड्याचं सांगते. कमीच आहे. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, आणि परवाचाही, सगळे एकाच्या खाली. मी दर वेळी तिला फोन करते, "आपा, तुझ्या सुजेचा आकडा छान आहे!" ती म्हणते, "छान आहे ना? मग झालं तर." आमच्या प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या झिनाइदा बाईंना मात्र कशातही खोट काढायची खोडच आहे. मी हौसेने कागद दाखवला तर चष्मा वर करून म्हणतात, "फारच चांगला आहे. मला इतके चांगले आकडे आवडत नाहीत." जळकी मेली. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललेच नाही.

जेंगे म्हणते, आपाने कोटाची शिवण आत घेतली. म्हातारपणी माणूस आटतंच. औषध चढवायलाही या महिन्यात आली नाही, घाटात बर्फ आहे म्हणाली. बर्फ होताच. मीही आग्रह केला नाही, आकडा चांगला आहे म्हटल्यावर कशाला म्हातारीला हाडं मोडत आणायची?

एक गंमत. डिसेंबरात हिवाळ्याच्या बेगमीला जनावर कापायचं तर सगळे म्हणाले तांबडी घोडीच काप, यंदा तिच्यावर बोटभर चरबी आहे. आपाने साफ नाही म्हटलं. दोन मेंढ्या कापल्या आणि घोडीला उलट जवाचा खुराक लावला! "राहू दे तिला, लागेल." मी मनात म्हटलं, कळलं मला कुणासाठी राखलीय. तोंडाने नाव घेत नाही, पण पोरगा येईल तेव्हा गावजेवण घालायचंय बाईसाहेबांना. तर बघ, राग उतरतोय. उन्हाळ्यात घाट मोकळा झाला की सुट्टी काढ, तोवर मी तिच्या तोंडून बोलावणं काढतेच.

घाई नाही. आकडा कमी आहे.

तुझी,
जिपारा


गावाहून
२४ मार्च

मेदेर,

या वेळी खुशाली विचारत नाही. हे पत्र टपालातही टाकत नाही, सुट्टी संपवून तुमच्या खाणीवर परत निघालेल्या तोकोनच्या हातात देते. फोनही करीन, पण फोनवर तू 'हं' म्हणशील आणि मला पुढे बोलता येणार नाही. म्हणून सगळं इथे लिहिते.

आधी शहरातलं. महिन्याच्या सुरुवातीला झिनाइदा बाई माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "तुझ्या आईच्या नळ्यांमधलं उरलेलं गोठवून ठेवलं आहेस ना? त्यावर दुसरं प्रथिन लाव."

मी म्हटलं, "कशाला? तिचा आकडा कमी आहे."

"कमी नाही गं बाई. नाहीच आहे. काही माणसांच्या रक्तात ती साखरेची शेपटी जन्मापासून बनतच नाही. हे शिकाऊ मुलींना कोण शिकवतं इथे?"

मी शिकवते. दर वर्षी मीच शिकवते. शेपटी बनत नसेल तर गाठ कितीही वाढो, यंत्र आपलं 'काही नाही, काही नाही' म्हणत राहणार. दुसऱ्या कुणाची आई असती तर मला पहिल्याच दिवशी शंका आली असती. आपली होती म्हणून आली नाही. मला तो आकडा हवा होता रे. माझ्याच आईला मिळावा म्हणून हवा होता.

दुसरं प्रथिन लावलं. ऑक्टोबरच्या नळीत ते वाढलेलं होतं, जानेवारीच्या नळीत त्याहून जास्त, आणि मार्चच्या नळीचा आकडा वाचून मी कागद पालथा घातला. हे सगळं हिवाळाभर माझ्याच फ्रीजमध्ये पडून होतं. मी रोज ते दार उघडत होते आणि लावत होते. झिनाइदा बाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी रजा टाकून नौरोजच्या आदल्या दिवशी गावी आले. आपा दारात उभी होती. उभी कसली, चौकट धरून होती. डोळे पिवळे झालेत. कोट पुन्हा एकदा आत शिवलाय, तरी खांद्यावरून घसरतो. मी तिथेच थिजले तर म्हणते, "आत ये आधी. सगळी थंडी घरात घेतलीस." आवाज तेवढा तिचा होता.

नासिप जेंगे कोपऱ्यात डोळे पुसत होती. मी तिच्यावर उखडले, "फोनवर 'बरी आहे, बरी आहे' काय म्हणत होतीस?" ती म्हणाली, "आपाने मला भाकरीवर हात ठेवायला लावून शपथ घातली होती. मी काय करू?"

सणाच्या दिवशी शेजारणी येऊन गेल्या, सगळ्या फार मोठ्याने हसत होत्या. त्या गेल्यावर आपा उशांना टेकून बसली आणि तिने विचारलं, "तुझा तो आकडा काय म्हणतोय?"

"कमी आहे, आपा."

"मग तोंड का पाडून बसलीयस? एरवी फोनवर नाचायचीस."

मी तिची उशी सारखी करायला लागले. ती म्हणाली, "जिपारा, मी जन्मभर जनावरं पाळली. पोटभर चारा खाऊन जे हाडावर येतं ते पुढचं गवत बघत नाही. पित्ताची सूज म्हणे! डॉक्टर बोलत होता तेव्हा तू मान अशी हलवत होतीस, जशी लहानपणी साय चोरून खाल्लीस की हलवायचीस."

"तेव्हापासून माहीत आहे तुला?"

"तेव्हापासून."

"मग दर महिन्याला रक्त कशाला देत होतीस?"

"तू खूष व्हायचीस," ती म्हणाली. "माझं काय जात होतं? चमचाभर रक्त."

मेदेर, मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, बायका मेल्या माणसावर रडतात तशी, तिच्या देखत. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "बास आता. सगळं आजच संपवलंस तर त्या दिवशी काय करशील?"

मी डोळे पुसून घोडीचं विचारलं. म्हटलं, मेदेरच्या जेवणासाठी राखलीयस ना? तर ती हसली. "तो आला तर भाकरी आणि चहा घेईल, घरचाच आहे. घोडी माझ्या पाहुण्यांची. ज्यांना चहा द्यायला मी उठणार नाही, त्यांची. गावाने म्हणायला नको की म्हातारी गेली आणि पोरांनी लोकांना सुक्या हाडांवर पाठवलं." डिसेंबरापासून ती स्वतःच्या मयताचं जेवण पोसतेय, आणि मी मूर्ख तुला गंमत म्हणून लिहीत होते.

"मग त्याला बोलाव ना," मी म्हटलं. "तुझ्या तोंडून एक शब्द."

तिने तोंड फिरवलं. भिंतीकडे बघतच म्हणाली, "बोलावलं की त्याला कळेल मी निघालेय म्हणून. जमिनीखाली काम करतं पोर. हातपाय थरथरले, लक्ष गेलं इकडेतिकडे, म्हणजे?"

आलं का लक्षात? आम्ही तिच्यापासून लपवायचं म्हणून तुला बोलावलं नाही, आणि ती तुझ्यापासून लपवायचं म्हणून. सगळा हिवाळा असा गेला. आणि 'येऊ नकोस, घाई नाही' हे लिहिणारी मी. ती दोन्ही पत्रं जाळून टाक. किंवा ठेव, आणि माझ्यावर रागव, पण इथे येऊन रागव.

आज सकाळी ती माझ्या आधी उठली. जेंगे गाईकडे गेलेली. भिंत धरधरून दारापर्यंत गेली आणि दारामागची ती काठी घेऊन आली. गुडघ्यावर मोडायला बघत होती, मोडेना. माझ्याकडे दिली, "मोड." मी मोडली. तिने आपल्या हाताने दोन्ही तुकडे चुलीत गोवऱ्यांवर ठेवले. वाळून कडक झालेलं लाकूड, लगेच पेटलं. वर किटली ठेवली.

"लिही त्याला," ती म्हणाली. "काठी जळाली म्हणावं. आता बाहेर उभं राहून वाकायला त्याच्याकडे काही नाही. यायचं असेल तर आत यावं लागेल."

मी म्हटलं, "आपा, हे बोलावणं समजू का?"

"तुला काय समजायचं ते समज. साखर दे इकडे."

तू तीन शब्दांत विचारलं होतंस, मेदेर. हो. बोलावलंय. याहून सरळ तिच्या तोंडून निघायचं नाही, आणि तेवढा वेळही नाही. किती, ते मला विचारू नकोस. मी आता कुठलाच आकडा सांगणार नाही. वरिष्ठांना काय सांगायचं ते सांग, नाही सोडलं तर तसाच नीघ. विमानतळावर साबिर उभा असेल. घाटात बर्फ आहे, पण तो आणील, त्याने कबूल केलंय.

आल्यावर दारात थबकू नकोस, हाका मारू नकोस, रडू नकोस. बूट काढ आणि सरळ जाऊन तिच्याजवळ बस. ती आधी तुला बोलेल. चांगलीच बोलेल, तुझ्या कोटावरून, दाढीवरून, खाणीवरून. बोलू दे. अजून तिला बोलता येतंय.

त्या काठीच्या जाळावर उकळलेला चहा आम्ही दोघींनी घेतला. तिने तिसरा वाडगा काढला आणि अर्धाच भरला, जवळच्या माणसाला भरतात तसा, पुन्हा पुन्हा मागावा म्हणून. तो निवला तेव्हा ओतून टाकू देईना. परत किटलीत घातला आणि म्हणाली, "राहू दे. गरम करता येईल."

तुझी वाट बघणारी जिपारा,
आणि वाट बघत नाही म्हणत दाराकडे तोंड करून बसलेली आपा